उतारावरचे कच्चे टाके

४ मे

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं वहिनीच्या पत्रातून कळलं. वणव्यानंतर माझ्या कुरणावर राबून तुझी पाठ धरली, असंही कळलं. पाठ दुखत नसती तर याहून कडक पत्र लिहिलं असतं.

मी मेंढ्यांना चारा आणायला गेले आणि तू उतारावरचे जळके ओंडके गोळा करून घरामागे काय सुरेख थप्पी लावलीस! शिंप्याच्या डोळ्यांना पसारा खुपतो, ठाऊक आहे. पण दादा, ते ओंडके मी आणि शेजारच्या काकूंनी मुद्दाम आडवे टाकले होते. उतारावर गवताची काडी उरली नाही. पाऊस आला की माती सरळ ओढ्यात जाणार, तिला अडवायला ते होते. तुझ्या भाषेत सांगायचं तर पक्की शिलाई व्हायच्या आधीच तू कच्चे टाके काढलेस.

माती गेली तर कुरण गेलं. मग मेंढ्या विकून मी तुझ्याकडेच येणार. मला गवताची आठवण येऊ नये म्हणून मागची खोली हिरवी रंगवून ठेवली आहेस, म्हणे. ते वाचून रडले आणि मग पुन्हा चिडले. काकूंच्या गुडघ्यांनी आता संप केलाय, म्हणजे ओंडके पुन्हा लावायला मी एकटीच.

राग दोन दिवसांचा, लोभ नेहमीचा.

तुझी धाकटी

*

९ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. तुझी वहिनी म्हणाली, घरातली कपाटं पुरली नाहीत म्हणून डोंगर आवरून आलात. मला मात्र घास गोड लागत नाही. बिघडलेला कोट उसवता येतो, वाहून गेलेली माती कुठून आणू?

तू इथे राहायला यावीस असं मला फार वाटतं. पण अशी हरून नको. दुकानाला कुलूप लावून, पाठीला पट्टा बांधून शनिवारी येतो. तोवर एकटीने एक जरी ओंडका उचललास तर बघ.

आशीर्वाद आहेतच. रागही राहू दे, त्याशिवाय करमत नाही.

दादा

*

२ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाऊस झोडपून गेला. थांबल्याबरोबर उतारावर धावले. प्रत्येक ओंडक्यामागे माती जिथल्या तिथे बसली आहे. फक्त एक ओंडका निसटला, तो मी लावलेला. तुझी रांग इतकी सरळ की काकू म्हणतात, डोंगराला पट्टी लावून शिवलाय.

आज त्या रांगेमागे गवत उगवलेलं दिसलं. अगदी कोवळं, पण आहे. तेव्हा त्या खोलीत आता कापडाचे तागे ठेव, हिरवं मला इथेच मिळालं. खाट मात्र काढू नकोस. लोकर कातरली की पहिलं गाठोडं घेऊन मी येणार आहे, राहायला नव्हे, मिरवायला.

पाठीला जप आणि माझ्यावर अशीच माया कर.

तुझी धाकटी