कंपनीत पप्पा म्हणायचं नाही

२ नोव्हेंबर, रविवार
मनालीच्या शाळेने अकरावीच्या व्होकेशनलच्या मुलींना ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलंय. प्रत्यक्ष कामाचा अनुभव. अंबरनाथ एमआयडीसीत एवढ्या कंपन्या, आणि लेकीच्या नशिबी आमचीच आली! बाटल्यांची झाकणं बनवणारी.
ही खूश. म्हणाली, पोरगी बापाचा थाट बघेल.
रात्री मनालीला नियम सांगितला. कंपनीत पप्पा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. ओळखच दाखवायची नाही. वशिला नको, शिस्त पाहिजे. (घरी मी स्टोअर इन्चार्ज आहे. कंपनीत अजून तसं पत्र आलेलं नाही. त्याचा ह्या नियमाशी काही संबंध नाही.)

३ नोव्हेंबर, सोमवार
चामटोलीहून ॲक्टिव्हावर निघालो, मनालीला अलीकडच्या नाक्यावर उतरवलं. मी पुढे, ती चालत मागून. कुणाला पत्ता नाही. आडनाव भोईर, पण कंपनीत भोईर ढिगाने आहेत. माझं नाव संतोष आहे हे तर फक्त पगाराच्या कॉम्प्युटरला माहीत. बाकी सगळे मला मामा म्हणतात. प्रेमाने. सोबतच्या दोघी मुलीही मला ओळखत नाहीत, शाळेच्या मीटिंगला नेहमी ही जाते.
शेठ उल्हासनगरहून खास लवकर आले. तिघींना खुर्च्या दिल्या. गादीच्या. मी इतकी वर्षं उलट्या क्रेटवर बसतोय, पण क्रेटवर पाठ ताठ राहते.
मनाली समोर येऊन म्हणाली, गुड मॉर्निंग सर. मागे वळून पाहिलं, कुणीच नव्हतं. मलाच म्हणाली! कंपनीत पहिल्यांदा मला कुणी सर म्हटलं. पोटच्या पोरीने म्हटलं, पण म्हटलं तर खरं.
घरी तिने विचारलं, पप्पा, केबिन कुठे आहे? रंग चालू आहे म्हणालो.

५ नोव्हेंबर, बुधवार
तिला कॉम्प्युटरवर माल चढवायला विनीत शिकवतोय. विनीत म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेलं पोरगं, माझ्या हाताखालचं. कागदावर मी त्याच्या हाताखाली आहे, पण कागदावर काय, काहीही असतं.
ती त्याला विनीतदादा म्हणते. आणि काय ते हसणं दोघांचं! मी सहज तीनदा तिथून गेलो. तिसऱ्यांदा विनीतने विचारलं, मामा, काही हवंय का? टेप शोधतोय म्हणालो. टेप हातातच होती.
संकल्प: उद्यापासून कॉम्प्युटर शिकायचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कॉम्प्युटरवर विनीत बसलेला. शिकणं पुढे ढकललं.
कँटीनच्या सुंदराबाईने मनालीला गरम वडे दिले, वर शिरा. मला रोज तळाचा वडा मिळतो, गार. मनाली तिला मावशी म्हणते. वॉचमनला काका. लोडिंगवाल्या पोराला भाई. सगळी कंपनी तिची नातेवाईक झाली आणि मी एकटा सर!
हेवा वगैरे नाही. नुसतं निरीक्षण.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
एमआयडीसीची सुट्टी. दिवसभर घरात विनीतदादा हे, विनीतदादा ते. ही कौतुकाने ऐकत होती. शेवटी सांगून टाकलं की विनीतला मीच तयार केलाय. भाजीत मीठ जास्त होतं, त्यावरून मी हिच्यावर ओरडलो. नंतर कळलं की मीठ ठीक होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज कहर झाला. आमच्याकडे कुठल्या खोक्यात निळी झाकणं, कुठल्यात पांढरी, ते खोकं फोडल्याशिवाय कळत नाही. लेबलं गळून पडतात. मनाली म्हणाली, आतलं एक झाकण बाहेर चिकटवून ठेवलं तर? बस्स. एवढंच. संपूर्ण स्टोअर थांबलं. विनीतने टाळी दिली. शेठना बोलावलं. शेठ खोक्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, सुठी छोकरी! सिंधीत सुठी म्हणजे चांगली. मला आजवर शेठनी सिंधीत फक्त शिव्या दिल्यात.
ही कल्पना माझ्याही डोक्यात होती. बरीच वर्षं होती. मी घाई करत नाही, एवढंच.
मग शेठनी मला हाक मारली. वाटलं, आता मलाही काहीतरी म्हणणार. म्हणाले, मामा, फेविकॉल आणा.
आणला. दुपारभर झाकणं चिकटवली. जळलो, अगदी जळलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय!

११ नोव्हेंबर, मंगळवार
शांत डोक्याने विचार केला. मी जळतोय कशाला? पोरगी कुणाची? माझी. डोकं कुणाचं? म्हणजे तेही माझंच. हे लोकांना कळलं की सगळं कौतुक आपोआप माझ्याकडे येणार. मग बघू विनीत कसा टाळ्या देतो.
घरी मनालीला सांगितलं, उद्यापासून पप्पा म्हण. ती चक्क नाही म्हणाली! म्हणे, आता कळलं तर सगळे म्हणतील वशिल्याने आली, माझं सगळं काम फुकट जाईल, पप्पा प्लीज. वर म्हणे, नियम तुमचाच आहे. डोळ्यांत पाणी आणलंन.
ठीक आहे, दिला शब्द. आपण नाही सांगणार.
पण परवा ट्रेनिंग संपतंय, निरोपाच्या कार्यक्रमात काम संपलेलं असेल. तेव्हा शब्द लागू नाही. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कार्यक्रम झाला. शाळेच्या बाई आल्या होत्या. समोसे, पेढे, सर्टिफिकेटं. मनालीला शेठनी स्वतः बुके दिला आणि म्हणाले, ज्या माणसाची ही मुलगी असेल तो नशीबवान, त्याला भेटायला पाहिजे.
मी उठलो. शर्ट नीट केला आणि म्हणालो, शेठ, माझी मुलगी आहे ही.
मग असा हशा पिकला की बाईंच्या हातातला चहा सांडला. विनीत म्हणाला, मामा, हुशार मुलगी दिसली की लगेच तुमची काय! शेठ डोळे पुसत होते.
मी मनालीकडे बघितलं. सगळेच बघत होते. ती लालेलाल झाली. बुके छातीशी घट्ट धरला आणि म्हणाली, सर गंमत करतात.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. उभाच होतो, म्हणून मग समोसे वाटले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सुट्टी. मनाली सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दुपारी चहा घेऊन आली, म्हणाली, पप्पा, सगळे बघत होते, मला काही सुचलंच नाही. पुढे बोलता येईना तिला. मी म्हणालो, अगं, तुझी परीक्षाच बघत होतो मी, शब्द पाळतेस का ते. पास झालीस. ती रडायला लागली. चहा चांगला झाला होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कंपनीत गेलो. सगळीकडे झाकणं चिकटवलेली खोकी. शेठनी केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, कळलं वाटतं ह्यांना! शर्ट नीट करून आत गेलो.
शेठनी बसायला सांगितलं. गादीची खुर्ची. आवाज खाली आणून म्हणाले, मामा, परवा तुम्ही बोललात, आम्ही हसलो, मनावर घेऊ नका. तुमच्याही घरी अकरावीतली मुलगी आहे ना? ॲडमिशनला तुम्ही सुट्टी घेतली होती. तिलाही शिकवा, ह्या मुलीचं उदाहरण द्या तिला. प्रयत्न केला तर तीही होईल अशी.
हो शेठ, म्हणालो.
संध्याकाळी मनालीला बोलावून सांगितलं, कंपनीत एक मुलगी आली होती, शेठ म्हणतात तिच्यासारखी हो. मनाली माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, प्रयत्न करते, पप्पा.