खंडेनवमीची इमेज

६ ऑक्टोबर २००८, सोमवार

लॅब माझीच राहणार. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

सेक्रेटरी सयाजीरावांनी आज ऑफिसात बोलावलं. पुढच्या सोमवारी आपल्या कॉलेजात सरकारी कॉम्प्युटर परीक्षा आहे. तोवर लॅबमधली नवी मशीन चालू झाली नाहीत, तर पुण्याचा पप्पू लॅब सांभाळणार — म्हणजे त्यांचा भाचा! "प्रज्ञा, तुझ्याच्यानं न्हाई व्हायचं. लई किचकट काम हाय ते." वायरी मी ओढल्या, सर्व्हर मी बसवला, आता आयत्या बिळावर नागोबा यायचाय. मी म्हटलं, "होईल सर." आवाज जरा चढा लागला. लागू दे.

७ ऑक्टोबर

ही मशीन म्हणजे वहीएवढे काळे डबे. आत हार्डडिस्क नाही, फक्त एक छोटी मेमरी चिप. एक डबा मनासारखा तयार केला — मराठी टायपिंग, परीक्षेचं सॉफ्टवेअर, सगळं — आणि त्याची जशीच्या तशी प्रत सर्व्हरवर घेतली. हिला इमेज म्हणायचं. आता ती सर्व्हरवरून एकदम सगळ्या डब्यांत उतरवायची.

धास्ती एकच. इमेज उतरत असताना लाइट गेली, तर डबा अर्धवट राहतो आणि पुन्हा चालू होत नाही. सर्व्हरला यूपीएस आहे, डब्यांना नाही. आणि आमच्या नारायणगावात लाइट येते तीच पाहुण्यासारखी. पण उद्या खंडेनवमी. सणाच्या दिवशी सहसा लोडशेडिंग नसतं, कॉलेजलाही सुट्टी. उद्याच उरकते.

८ ऑक्टोबर

रागाने लिहितेय.

सकाळी गेले तर साळुबाई झाडलोट करून हळदीकुंकवाचं ताट घेऊन फिरत होत्या. कॉलेजच्या शिपाईमावशी त्या, किल्ल्याही त्यांच्याकडेच. म्हणाल्या, "आज हत्याराला हात लावू न्हाई गं बाई." मी हसले. "मावशी, मला कुठली नवमी? आमचा सण उद्या." त्याही हसल्या. मी इमेज सोडली. सगळ्या पडद्यांवर पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. बसून बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून वारूळवाडीला घरी जेवायला गेले.

परत आले तर लॅबमध्ये अंधार. मेन स्विच खाली ओढलेला, त्यावर कुंकू, वर झेंडूची माळ. प्रत्येक डब्यावर एकेक फूल. स्विच वर केला. एकही डबा उठला नाही.

९ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून विहारात गेले. तोंडाने वंदना, डोक्यात डबे. घरी कोणाला बोलले नाही.

१० ऑक्टोबर

साळुबाईंना बाजूला घेतलं. त्या रडायलाच लागल्या. "म्याच बंद केलं. वरीसभर राबत्यात, एक दिस इसावा द्यावा म्हनलं. मला काय ठाव अशी मरतील?" पुढे काहीतरी सांगणार होत्या, पण ऑफिसच्या दाराकडे बघून झाडू उचलून निघून गेल्या. ओरडायचं ठरवून गेले होते. जमलं नाही.

मग सयाजीराव. सगळ्या स्टाफसमोर! "नवमीला मशिनी चालवल्या, म्हनून ही दशा. तुमच्यात मानत न्हाईत, पण संस्थेत मानत्यात." तुमच्यात म्हणे! कानशिलं तापली. म्हटलं, "सर, मशीन कोपत नाही. मशीन बंद केल्यावर बंद पडतं." मग म्हणाले, बंद कोणी केलं त्याचं नाव सांग, नाहीतर चूक झाली असं लिहून दे.

नाव सांगितलं तर साळुबाई उद्याच घरी बसतील. त्याही माझ्यासारख्याच टेम्पररी. आणि चूक मी केलेली नाही, मग लिहून का देऊ? नाव नाही सांगणार. माफीही नाही. डबे उठवणार.

११ ऑक्टोबर

इमेज सर्व्हरवर शाबूत आहे! पेनड्राइव्हवर घेतली. आता एकेक डबा हाताने भरायचा. सकाळी दोन उठले, तिसरा चालू असतानाच लाइट गेली. तो पुन्हा मेला. असं करत बसले तर दिवाळी उजाडेल.

आमच्या वारूळवाडीतले गेणभाऊ तमाशाच्या फडात जनरेटर सांभाळतात. त्यांना गाठलं. पोट धरून हसले. "गौळणीला चालतो, तुझ्या डब्यांला का न्हाई चालायचा? पर मंगळवारी फड भाईर पडतोय, त्याच्या आत आवर."

१२ ऑक्टोबर, रविवार

फडाचा ट्रक कॉलेजच्या दारात. जनरेटरचा आवाज एवढा की समोरचं माणूस ऐकू येईना. लाइट गेली, आली, पुन्हा गेली. आमच्याकडे फरक नाही. साळुबाई न सांगता आल्या, भरून झालेल्या डब्यांवरची सुकलेली फुलं काढत बसल्या. संध्याकाळी शेवटचा डबा उठला. मी जोरात ओरडले, जनरेटरपुढे कोणाला ऐकूही गेलं नसेल.

१३ ऑक्टोबर

परीक्षा झाली. एक डबा अडला नाही. सयाजीराव दारात उभे राहून गेले. मिरच्या झोंबल्या असतील तर झोंबू देत. उद्या संस्थेची सभा आहे आणि पप्पूचं नाव तरीही विषयपत्रिकेत आहे. मी जाणार. मलाच काढायचं असेल तर माझ्या तोंडावर काढा.

१४ ऑक्टोबर

सभेत सयाजीराव माझ्या हलगर्जीपणाबद्दल बोलत होते. साळुबाई न बोलावता आत आल्या. अध्यक्ष हौशीरामअण्णांकडे बघून म्हणाल्या, "स्विच म्या पाडला. पर पोरीचं काम चालू हाय, असं आधी पूजेला आलेल्या या सायबांना सांगितलं व्हतं. हे म्हनले, म्हनूनच पाड, आन माझं नाव घेतलं तर तुझी नोकरी जाईल." अण्णांनी पप्पूचं नाव असलेली विषयपत्रिका बाजूला सारली. त्या तशाच उभ्या होत्या. मी उठले आणि माझी खुर्ची त्यांना दिली.