पदर घेतलेली आई

मंगळवार, संध्याकाळ. नौपाडा.

ठाकुर्लीहून, दादाकडून आले तेव्हापासून तेच डोक्यात आहे. दादाने घरातले सगळे फोटो एका ऑनलाइन खात्यात चढवले. म्हणाला, आता कायमचे सुरक्षित. बघायला बसले तर दर पाडव्याला गुढीशेजारी, त्याच मोरपंखी साडीत काढलेल्या आईच्या फोटोंपैकी एकच उरलेला. बाकीचे?

"अगं, सगळे सारखेच दिसतात. मशीनने डुप्लिकेट समजून उडवले."

असेल. पण मला शेवटच्या पाडव्याचा हवा होता. केमोने केस गेलेले, म्हणून डोक्यावर पदर घेतलेला. एरवी आईने कधी पदर घेतला नाही. मग तो सारखा कसा?

"एक सापडत नाहीये," एवढंच मी म्हणाले.

"पदराचा ना? गेला असेल त्यातच." साखर विरघळली तरी दादा चहा ढवळत राहिला. "लेखिकाबाई, यावर गोष्ट नका रचू."

कुठला फोटो, ते मी सांगितलंच नव्हतं!

माझ्या जुन्या फोनवर तेच खातं आहे; दादाने फोटो चढवले तेव्हा त्यातही उतरले होते, नंतर तो बंदच पडून होता. आत्ता तो चार्ज केला. वायफाय मुद्दाम बंद ठेवलं, नाहीतर तिथूनही पुसला जायचा.

सापडला. पदराखालून आई हसतेय. फोटो काढणाऱ्या दादाकडे बघून.

ते खातं दर वर्षी पाडव्याच्या सुमारास, जुनी आठवण म्हणून, हा फोटो आपणहून समोर धरणार होतं. दादाला ते बघवलं नसतं, एवढंच असेल ना?

फोन बंद करून कपाटात ठेवलाय. दादाला विचारणार नाही. फोटो माझ्याकडे आहे, हेही सांगणार नाही.