फाशीच्या खेळातला डबा

ओरम गल्च, कोलोरॅडो
८ जुलै १९६८

ती. आर्डिथआत्यास, लोवेलचा सा. न. वि. वि.

आपलं गाव पुन्हा बाळसं धरतंय! सोन्याच्या खाणी बंद पडल्यावर इथे कुत्रं फिरकत नव्हतं, आता मोटारी लावायला जागा नाही. पर्यटक परातीत रेती धुवून सोन्याचा कण शोधतात. तो सकाळी आम्हीच टाकतो, कुठे बोलू नकोस.

शनिवारी चौकात फाशीचा खेळ असतो. खाणीतला चोर मीच! तू दिलेला आजोबांचा जेवणाचा डबा उपडा केला की खाणीतून चोरलेले सोन्याचे खडे खडखडतात, लोक टोमॅटो मारतात, मग मला लटकवतात. चोर म्हणजे माझेच आजोबा, हे कुणाला सांगितलेलं नाही. एकदा ये, पोट धरून हसशील.

लोभ आहेच, तो येऊन दाखव.
तुझा लोवेल


प्वेब्लो, २४ जुलै

चि. लोवेल यास अ. आ.

मी शनिवारी येऊन गेले. तुला भेटले नाही.

डबा लांबूनच ओळखला. कडीची तार माझ्या आईने बांधलेली. बाबांनी त्यातून खडे आणले, खरं आहे. सगळेच आणायचे रे! दोर ओढणाऱ्यांच्या डब्यांतही खडे होते. फासावर मात्र बाबा एकटे गेले. मी सहा वर्षांची होते.

तुला बोल लावत नाही. शेजारच्या बाईने हसत माझ्या हातात टोमॅटो दिला, आणि मीही हसले. कुणी ओळखू नये म्हणून मोठ्याने हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तो टोमॅटो ओट्यावर सडतोय, टाकवत नाही.

आर्डिथआत्या


ओरम गल्च, २९ जुलै

ती. आत्यास, कुठल्या तोंडाने नमस्कार लिहू?

परवा डबा उपडा केलाच नाही. सांगून टाकलं की हा एसा ट्रिम्बल, माझा आजोबा, आणि याला लटकवणारेही चोरच होते. मग एकाने टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनी. खेळ चालवणारा म्हणाला, बायका रडल्या, आता दर शनिवारी हेच कर.

आत्या, त्या टाळ्या मला गोड लागल्या. त्याचीच जास्त लाज वाटते. काम सोडलंय. डबा घासून ठेवलाय, घेऊन येऊ का? दारातून परत पाठवलंस तरी तक्रार नाही.

लोभ मागायची हिंमत नाही.
लोवेल


प्वेब्लो, २ ऑगस्ट

चि. लोवेल यास अ. आ.

ये. टोमॅटो टाकून दिला.

डबा मात्र रिकामा आणू नकोस. मांस-बटाट्याची करंजी घालून आण, बाबा तीच न्यायचे. दोघं मिळून खाऊ. त्या डब्यात जेवणही असायचं, हे तुमच्या खेळात कुणी दाखवलंच नाही.

वाट पाहणारी,
आत्या