बाजूले सरक, मी शे ना!

शहादा,
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

चि. रुचिका हीस,

भूपेंद्रचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुझ्या नावाच्या आधी काय लिहायचं यावरच कितीतरी वेळ पेन धरून बसलो. ‘सौ.’ आता लिहिता येत नाही, आणि त्याजागी लोक जे लिहितात ते माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. म्हणून ‘चि.’ लिहिलं. तू माझ्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे मला लेकीसारखीच.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. पण बोलणार कसं? लग्न होऊन तू आमच्या घरी आलीस तेव्हापासून मी खोकल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, आणि माझा खोकला ऐकून तू पदर ओढून आत गेली नाहीस असं झालं नाही. जेठानं आणि भावजयीनं समोरासमोर बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. इतकी वर्षं ती सोयीची वाटली. आता अडचणीची वाटते.

आईचे गुडघे थंडीनं धरलेत. बापू मळ्यात जातात आणि केळीकडे न बघता परत येतात. तुझ्या शिलाई मशीनवर आई रोज फडकं मारते.

हे सगळं लिहून मी मुद्द्याला बगल देतोय, हे तुला कळलं असेलच. तू हुशार आहेस. तर आता सरळ लिहितो. मी काल परत अजितचं हेल्मेट घातलं, व्हिडिओतल्या लोखंड्याचं. आईच्या तोंडून तुला शब्द दिला होता की यापुढे घालणार नाही, तो मोडला. त्याचा व्हिडिओ आज गावोगाव फिरतोय. म्हसावदला तुझ्या माहेरीही पोचला असेल. तू तो बघितला नसशील तर आधी माझं ऐकून घे. बघितला असशील तरीही ऐकून घे, कारण त्यात अर्धंच दिसतं.

अजितनं मोलगीकडच्या एका आश्रमशाळेतल्या पोरांना कबूल केलं होतं की एकदा लोखंड्याला घेऊन येतो. कावीळ व्हायच्या आधीची गोष्ट. तिथल्या सरांनी परवा फोन केला, पोरं रोज विचारतात म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ‘येतो’ म्हणालो. अजितचा शब्द होता गं. माझा शब्द मोडला तर मी जिवंत आहे, शिव्या खायला तयार आहे. त्याचा मोडला तर तो कुठे येणार सांगायला?

गेलो. चांदी रंगाचं हेल्मेट घातलं. केळीच्या घडाला घालतात त्या निळ्या पिशव्यांचा तू शिवलेला तो झगा घातला. पोरांनी नुसता दंगा केला. एकानं दंड दाबून बघितला आणि ‘खरंच लोखंड शे’ असं बाकीच्यांना सांगितलं. माझा दंड! तू हसली असतीस. निघताना पोरं फाटकापर्यंत पळत आली, त्यांच्यासमोर हेल्मेट काढणार कसं? म्हटलं, घाट उतरल्यावर काढू, आणि तसाच मोटारसायकलवर बसलो.

मोलगीचा बाजार होता. जीपा खचाखच भरून परतत होत्या. माझ्या पुढे एक होती, टपावरही माणसं. वळणावर समोरून ट्रक आला म्हणून जीपवाल्यानं कडेला घेतली आणि कडच खचली. पुढची दोन्ही चाकं दरीवर. टपावरचे उतरले, ड्रायव्हर उडी मारून मोकळा झाला, आणि मागं बसलेले जीव घेऊन पटापट खाली आले. त्यांचं काय चुकलं? पण मागचं वजन गेलं तशी जीप पुढं झुकायला लागली. पुढच्या सीटवर एक म्हातारी राहिली होती, मांडीवर नात. त्यांच्या दारापलीकडे जमीनच नव्हती.

मी मोटारसायकल टाकली आणि जीपच्या मागच्या पायरीवर चढून, टपाची दांडी धरून अंग मागं टाकलं. रुचिका, मला काही सुचलं म्हणून नाही. पाय गेले आणि मी त्यांच्या मागं गेलो.

जीप थांबली. पण कशीबशी. म्हातारी जरा हलली की पायरी माझ्या पायाखाली वर यायची. मी ओरडलो, “या रे, धरा!” हेल्मेटमधून आवाज घुमला. एकही माणूस पुढं आला नाही. मी मान वळवली तर सगळे हसत होते. फोन वर धरलेले. एकजण दुसऱ्याला मागं ओढत होता, “शूटिंग शे रे, मधमा येऊ नको!” आणि मग दोघं-चौघं मिळून ओरडायला लागले, “बाजूले सरका, तो शे ना!”

अजितचं वाक्य. त्यानंच त्यांना शिकवलेलं. ‘बाजूले सरक, मी शे ना!’ म्हणून व्हिडिओत लोखंड्या एका हातानं ट्रॅक्टर थोपवायचा. तेव्हा ट्रॅक्टर मीच चालवायचो, रिव्हर्समध्ये. लोकांनी ते इतक्यांदा बघितलं होतं की आता ते मला जागा करून देत होते. आणि माझे हात सुटत चालले होते.

मला किती भीती वाटली ते लिहितो, कारण व्हिडिओत ती दिसत नाही. मला वाटलं, सोडून द्यावं. उडी मारावी. आत ती पोर रडत नव्हती. ती मागं वळून माझ्याकडे बघत होती आणि तिला जराही काळजी नव्हती. लोखंड्या होता ना.

मी एक हात सोडला आणि हेल्मेट काढून रस्त्यावर फेकलं.

“अरे, मी लोखंड्या नही!” मी ओरडलो. “मन्हं नाव भूपेंद्र. लोखंड्या मन्हा भाऊ व्हता, अजित. तो मरी गया! मन्हा हात सुटी ऱ्हायनात, कोणी बाजूले सरकू नका, या!”

तो मेला, हे मी तोपर्यंत एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. त्याला अग्नी दिला तेव्हाही नाही.

मग भीमसिंग नावाचा एक गडी फोन खिशात टाकून धावला आणि त्याच्या मागं सगळे. कोणी पायरीवर, कोणी टपाच्या दांडीला, ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी पुढच्याची कंबर धरली. वाऱ्यात पडू नये म्हणून आपण केळीची झाडं एकमेकांना बांधतो ना, तसे. नात आधी मागं आली, सीटवरून सरपटत. मग म्हातारी. तिचा पाय सीटमध्ये अडकला तेव्हा जीप पुन्हा घसरली आणि मला वाटलं, संपलं. भीमसिंगनं तिला काखेत धरून ओढून काढलं. आम्ही सगळ्यांनी एकदम हात सोडले. जीप गेली.

व्हिडिओ इथं संपतो. पुढचं फक्त तुझ्यासाठी लिहितोय.

पण त्याआधी दुसरं एक सांगायचंय. अजित गेल्यावर मी हेल्मेट घालून लोखंड्याचा नवा व्हिडिओ का केला, हे तू कधी विचारलं नाहीस. रीतच आड आली. तू स्वयंपाकघरात पीठ मळत होतीस आणि बाहेर ओट्यावर आईच्या फोनमध्ये तो आवाज आला, ‘बाजूले सरक, मी शे ना!’ तू पिठाच्या हातानं धावत बाहेर आलीस. पदराचं भान नव्हतं तुला. मी समोर होतो. तुझा तो चेहरा मी बघायला नको होता. दुसऱ्या दिवशी तू माहेरी गेलीस. लोकांना वाटलं, मला लोखंड्याचं नाव चालवायचं होतं. तसं नव्हतं. आम्हा दोघांचा आवाज सारखा, हेल्मेटमध्ये तर फरकच कळत नाही. मला त्याचा आवाज ऐकायचा होता. ते हेल्मेट डोक्यात असलं की तो बोलतो असं वाटायचं. तुझ्या जिवाचं काय होईल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. जगाच्या फोनमध्ये तुझा नवरा जिवंत होता आणि घरात तुझं कपाळ मोकळं होतं. तू रडणार तरी कुठं?

तर म्हातारी. दिवलीबाई तिचं नाव. मी रस्त्यातच बसलो होतो. तिनं नातीला खाली ठेवलं, जाऊन हेल्मेट उचलून आणलं आणि माझ्यासमोर बसली. बाजारात शिकलेल्या आपल्या बोलीत विचारलं, “भाऊ खरंच मरी गया?” मी मान हलवली. “नाव काय व्हतं त्यानं?” “अजित,” मी म्हटलं.

तिनं हेल्मेट मांडीवर घेतलं, त्यावरची धूळ पदरानं पुसली आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली. तिच्या घरच्या भाषेत, मध्येमध्ये अजितचं नाव घेत. बाजारच्या टोपल्या खाली ठेवून बाकीच्या बायका आल्या, तिच्याभोवती बसल्या आणि त्याही रडायला लागल्या. एकीनंही त्याला पाहिलेलं नव्हतं. ट्रक थांबले, जीपा थांबल्या, कोणी हॉर्न वाजवला नाही. मीही रडलो, रुचिका. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

उठताना तिनं हेल्मेट माझ्या हातात दिलं. ते आता माझ्या डोक्यावर चढणार नाही. त्याच्यावर हक्क तुझा आहे, ठेवायचं की तापीत सोडायचं हे तू ठरव. सोमवारी मी ते घेऊन म्हसावदला येतो. ओट्यावर बसून खोकेन. तुला वाटलं तर बाहेर ये, पदर असो नसो. नाही आलीस तर हेल्मेट ओट्यावर ठेवून मुकाट्यानं परत जाईन, राग धरणार नाही.

दिवलीबाईनं तुला निरोप दिलाय. तिनं विचारलं, त्याची बाई आहे का? मी म्हटलं, आहे. तर म्हणाली,

“तिले सांगजो, आम्ही रडनूत. आते तू भी रड.”

अजितचा भाऊ,
भूपेंद्र