रिकाम्या काचेचा रिपोर्ट

हिंगणसांगवी, ता. निलंगा,
जि. लातूर
मंगळवार, दि. २२ एप्रिल १९८६

ती. सिंधुअक्कास,

धाकटा शेषेराव याचा सविनय जयभीम. दाजींनाही सांग.

काल केलेली तार तुला या पत्राच्या आधी मिळाली असेल. पोस्टमास्तरला म्हटलं, एवढंच टाका: मंदाची सुई आजच बंद कर, पत्र येतंय. तू नर्स आहेस, पोरीला टीबीची सुई रोज तूच देतेस, डॉक्टरच्या कागदाशिवाय चालू औषध बंद करायचं नसतं हे मला कळतं. तरी बंद कर. तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारलं तर हे पत्र त्यांच्यापुढं धर. का ते सांगतो. जरा दमानं सांगू दे.

इकडं सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पाण्याचे लई हाल आहेत. गावात निम्म्या घरांना कुलपं, माणसं कारखान्याकडं नाहीतर रोजगार हमीवर खडी फोडायला. यंदा जयंतीला मिरवणूक काढली, पण पोरांनी आधीच ठरवलं होतं की कोणाच्या दारात पाणी मागायचं नाही. दवाखान्याला तीन दिवसांनी एक टँकर येतो. त्यातून आधी बाळंतिणींचा वॉर्ड, मग स्वैपाकघर, मग क्वार्टर, आणि सगळ्यांचं झालं की माझी लॅब. मला आठवड्याला एक ड्रम. जिल्हा नवा झाला म्हणून शेषूची जागा निघाली, असं तू किनवटात सगळ्यांना सांगतेस. खरंच आहे ते. पण जिल्हा नवा झाला तरी विहिरी त्याच आहेत, आणि माझ्या कपाटावर अजून उस्मानाबादच रंगवलेलं आहे.

बघ, असंच काहीबाही लिहून एक बाजू भरत आणली. मुद्द्यावर येतो म्हणतो आणि पेन दुसरीकडंच पळतं.

तू गावोगाव फिरून थुंकीच्या डब्या गोळा करतेस, पण पुढं त्यांचं काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. थुंकी काचेच्या पट्टीवर पसरायची, वाळवायची, तिच्यावर लाल रंग ओतून खालून गरम करायची, धुवायची. मग तेजाब घालून पुन्हा धुवायची. मग निळा रंग, आणि पुन्हा धुवायची. एवढं करून दुर्बिणीखाली धरली की सगळं निळं दिसतं, आणि टीबी असला तर त्या निळ्यात बारीक लाल काड्या. एका काचेला तीनदा धुणं, तेही वाहत्या नळाखाली. आमच्याकडं शिकवतात तसंच. पण नळ वाहायला पाहिजे ना.

म्हणून मी डोकं चालवलं. दोन टब आणले. आठ काचा एका लाकडी चौकटीत ओळीनं लावायच्या, पहिल्या टबात बुडवायच्या, दुसऱ्यात खळबळायच्या. तेच पाणी दुसऱ्या दिवशी. जानेवारीत तुला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की अक्का, एका ड्रमात आख्खा महिना काढला. तू शाबास म्हणालीस. आमचे डॉक्टरही म्हणाले. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी तर टब बघून दुसऱ्या दवाखान्यांनी हे शिकावं असं वहीत लिहून दिलं. मला वाटलं, यांना पाणी पुरवायचं माहीत नसतं, आपल्याला असतं. आपल्या वस्तीला पाणी कधी पुरलं होतं? एकाच पाण्यात तांदूळ धुवायचे, मग भांडी विसळायची, मग तेच पाणी म्हशीपुढं. मायनं हेच शिकवलं.

पण माय कोणाचं बाळंतपण करायला गेली की दुसरं पाणी मागायची, हे मी विसरलो. आठवतं तुला? आपली माय धोंडाबाई सुईण म्हणून दारात आली की त्या घरचे लोक आधी कुरकुर करायचे, एवढं पाणी कशाला म्हणून. ती उंबऱ्यात बसून राहायची, नवीन हंडा आल्याशिवाय आत जायची नाही. तिला ना कोणी शिकवलं, ना कुठला शिक्का दिला. मला दोन वर्षं शिकवून डिप्लोमाचा कागद दिला आणि मी तिचं तेवढंच घेतलं नाही.

एके दिवशी आठच्या आठ काचा पॉझिटिव आल्या. त्यात आमच्याच ऑफिसातला शिपाई मडिवाळप्पा, ज्याला नुसती सर्दी होती. मी दुर्बीण पुसली, पुन्हा बघितलं. लाल काड्या होत्याच. मग मी एक नवी कोरी काच घेतली. तिच्यावर काहीच लावलं नाही, थुंकीचा थेंब नाही. ती सगळ्या रंगातून, दोन्ही टबांतून काढली आणि खाली धरली. अक्का, रिकाम्या काचेवर लाल काड्या होत्या. काचेला टीबी झाला होता.

टबातलं पाणीच ते. एका आजारी माणसाच्या काचेवरून सुटायचं आणि पुढच्यांच्या काचांवर जाऊन बसायचं.

रजिस्टर काढलं. मंदाची थुंकी मी सतरा फेब्रुवारीला तपासली. त्या दिवशीच्या चौकटीत पहिला नंबर केरबा म्हणून एका म्हाताऱ्याचा, जुना रोगी, त्याची काच लालेलाल. मंदा तिसरी. केरबाच्या खालचे सातही त्या दिवशी पॉझिटिव, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्या काचा मी ठेवलेल्या होत्या. मंदाची पुन्हा काढून बघितली. थुंकी एका पातळीवर दिसते आणि काड्या तिच्या वर, नुसत्या ठेवल्यासारख्या. आतून आलेल्या नाहीत. तिला खोकला होता तो खडी फोडायच्या धुळीचा, अक्का. पोरीला टीबी नाही. नव्हताच.

आता तू विचारशील, मग डॉक्टरांना का नाही सांगितलं. सांगितलं. ते काही वाईट माणूस नाहीत, एकटेच दीडशे पेशंट बघतात. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, लाल आहेत ना, मग झालं. मी रिकाम्या काचेचं सांगितलं तर म्हणाले, काचा बनवणं तुमचं काम, रोग आहे का नाही हे ठरवणं माझं. मी मंदाच्या चौकटीतल्या बाकीच्या सहा जणांकडं सायकलवर जाऊन आलो. दोघांनी दारातून हाकललं. चौघांनी पुन्हा थुंकी दिली, ती मी टँकरवाल्याच्या हातापाया पडून ताज्या पाण्यात धुतली. चौघांचीही निगेटिव. धावत गेलो डॉक्टरांकडं. ते हसले आणि म्हणाले, "बघा शेषेराव, औषध किती छान लागू पडलंय."

मंदाची थुंकी आज तपासली तरी तेच म्हणतील. औषध सुरू झालं त्या दिवसापासून खरं काय होतं हे दाखवायची वाटच बंद झाली. मी एकदा हो लिहून दिलं ते सगळ्यांनी डोळे झाकून घेतलं. आता नाही म्हणतो तर कोणी ऐकायला तयार नाही.

माझा रिपोर्ट बघून ज्यांनी बाळ ठेवून घेतलं आणि तिला तुझ्याकडं धाडलं, त्या तिच्या सासरीही जाऊन आलो, परवा रविवारी. ही सोयरीक मीच आणली होती, तेव्हा तोंड दाखवायला जड गेलं. सरजाबाई, तिची सासू, नीट बोलल्या, चहा दिला. तिचा नवरा व्यंकटी घरात नव्हता, का होता आणि बाहेर आला नाही, कळलं नाही. मी सगळं सांगितलं, टबाचं, काचेचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मामा, तुम्हीच लिहून दिलं होतं की टीबी हाय म्हणून. आता भाचीसाठी न्हाई म्हणून राहिलात. तुमचं कोणतं खरं धरावं आम्ही?"

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. व्यंकटीसाठी औराद शहाजानीकडं एक पोरगी बघितली आहे, हे चहा घेऊन आलेल्या मंदाच्या जावेनं सांगितलं. बाळ ठीक आहे. शेळीचं दूध पितं, अंगानं भरलंय, भिंतीला धरून उभं राहतं. माझ्या मांडीवर आलं, रडलं नाही. सरजाबाईंनाच आई म्हणतं.

आता तुझ्या बारा तारखेच्या पत्राबद्दल. तू लिहिलंस की बावन्न सुया झाल्या, अशक्तपणा आहे म्हणून तुमचे डॉक्टर साठ झाल्यावर अजून तीस द्या म्हणतात. मंदा चालताना भिंत धरते, डोळे मिटले की झोकांड्या खाते. कानात भुंगा गुणगुणतो म्हणते. आणि हल्ली मागून हाक मारली तर ओ देत नाही, तोंड फुगवून बसते, बाळाच्या आठवणीनं तुझ्यावर रुसली आहे असं तुला वाटतं. दाजी तिच्यावर ओरडले, हेही लिहिलंस.

ती रुसलेली नाही, अक्का.

ते पत्र मी आमच्या औषधं देणाऱ्या शिवमूर्तीला वाचून दाखवलं. लिंगायताचा पोरगा, लई अभ्यासू. त्यानं त्या सुईच्या खोक्यातून घडी घातलेला बारीक कागद काढला. इंग्रजीत असतो, आपण कोणीच वाचत नाही, उघडला की फेकतो. त्यात लिहिलंय की या औषधानं कानात आवाज येतात, तोल जातो, ऐकू येणं कमी होतं, असं दिसताच ताबडतोब थांबवा. तुला हे कोणी शिकवलं नाही. तुला सुई कुठं टोचायची, किती द्यायची, कशी उकळायची हे शिकवलं, आणि ते तू रोज नेमानं केलंस, पोटच्या पोरीला. तुझी काही चूक नाही. हे मी चार वेळा लिहिलं तरी तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे.

मी शिवमूर्तीला विचारलं, आता थांबवलं तर परत येईल का. तो म्हणाला, तोल येतो हळूहळू. ऐकायचं विचारलं तर त्यानं कागदाची घडी घातली आणि खोक्यात परत ठेवली.

वर मी 'एके दिवशी' असं लिहून पुढं गेलो. तू पत्र दोनदा वाचतेस, दुसऱ्यांदा वाचताना तारीख विचारशील. ती रिकामी काच मी वीस मार्चला बघितली.

म्हणजे महिना झाला. त्या दिवशी तुझ्या हिशेबानं मंदाला एकोणतीस सुया झाल्या होत्या. परवा साठ झाल्या. मधल्या एकतीस तुझ्या हातून गेल्या, पण दिल्या मी. तू मला लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलंस, मी किनवटची गाडी धरून एका दिवसात तुझ्यापर्यंत येऊ शकत होतो. आलो नाही.

का, ते खरं लिहितो. नोकरीत अजून कायम झालो नाही, डॉक्टरांनी गप्प बसा म्हटलं, हे आहेच. पण त्याच्या खाली दुसरं होतं. मला वाटलं, साठ सुया संपतील, मग मी तिची थुंकी तपासून निगेटिव लिहून देईन, पोरगी बरी झाली असं सगळे म्हणतील, सासरचे घेऊन जातील. कोणाला काही कळायची गरजच पडणार नाही. तू मला पुन्हा शाबास म्हणशील. महिनाभर मी हे मनात घोकत होतो आणि तू तिकडं रोज सकाळी सुई उकळत होतीस. याला भ्याडपणा म्हटलं तरी कमीच पडतं.

टब मी फोडून टाकले. ताजं पाणी मिळाल्याशिवाय थुंकी तपासणार नाही असं लिहून दिलं. आता आठवड्याला सहा-सात काचा होतात, बाकी डब्या तशाच कपाटात पडून राहतात. त्यातही कोणाचा खरा टीबी असेल, त्याचं काय करू, तेही मला माहीत नाही.

मी शनिवारी सुटी टाकली आहे. लातूरहून नांदेड, तिथून किनवट, संध्याकाळपर्यंत पोचेन. दाजींना म्हणावं, मला काय करायचं ते करा, मी काही बोलणार नाही.

मंदाला सांगायचं राहील. तू मागून सांगायला जाऊ नको, आणि मोठ्यानं ओरडूनही सांगू नको. हे पत्रच तिच्या हातात दे. चौथीपर्यंत शिकली आहे, माझं अक्षर तिला लागतं. सोयरिकीचं, बाळाचं, काहीच झाकून ठेवू नको, सगळं वाचू दे. तिच्याबद्दल दुसऱ्यांनी ठरवायचं आणि तिला मागून कळायचं, हे आता पुरे झालं. वाचून झाल्यावर तिला मला जे म्हणायचं असेल ते शनिवारी तोंडावर म्हणू दे, कितीही वेळ, कसंही. तिला थांबवू नको. मला ऐकू येतं.

ज्यानं लिहून दिलं तोच,
तुझा शेषू