गळ्यातली चौथी

१२ जानेवारी १९९८, सोमवार
कालच्या पानावर एक चूक झाली. घरात आम्ही तिघंच, हे, सासूबाई आणि मी, असं लिहिलं. बोलता बोलता सासूबाईंनाही तसं म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, चौघं गं सायली! खरंच, चौथी माझ्या गळ्यात आहे: यांच्या पहिल्या बायकोचा, रूपाचा, चांदीच्या पत्र्यावर कोरलेला टाक. दुसरेपणावर आलेलीनं तो घालायचा, रोज आधी त्याला कुंकू लावून मग स्वतःला लावायचं. म्हणजे गेलेलीला वाईट वाटत नाही. मला त्यात काही जड वाटलं नाही. मळमड्डीतलं हे घर भरपूर उजेडाचं आहे. शेजारणी कानडीत काहीबाही विचारून हसतात. कळत नसलं तरी मीही हसते. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, घरीच शिकवलं, तेव्हापासूनची सवय: चूक दिसली की लगेच दुरुस्त करायची.

१७ जानेवारी, शनिवार
यांनी विद्यानगरातल्या आपल्या दवाखान्यात नेलं. दोन माणसं बोलताना दोघांच्या मेंदूत काय चालतं, ते हे मोजतात. समोरासमोर बसवून डोक्याला तारा चिकटवतात. सुया कागदावर रेघा ओढत जातात. बोलण्यात दोघांचं मन लागलं की दोघांच्या रेघा एकाच वेळी वर-खाली होतात. अंगावर धातू नको म्हणून टाक काढून ठेवला. आम्ही दोघांनी खूप गप्पा मारल्या. रेघा दोन दिशांना. हे म्हणाले, मेंदू म्हणजे काय पत्रिका आहे, गुण जुळायला? मी हसले. मग भिंतीवरचा जुना कागद दिसला. यांची रेघ आणि रूपाची. इरकलीच्या दोन काठांसारख्या. गेलेल्या बाईचा हेवा करणं वाईट. वाटला, म्हणून लिहिते.

२४ जानेवारी, शनिवार
हट्टानं पुन्हा बसले. टाक काढायला विसरले. नाही, खोटं. मुद्दाम पदराखाली ठेवला. रेघा जुळल्या! यांचे डोळे भरून आले. म्हणाले, किती दिवसांनी अशी बोललीस, तेही कानडीत.
मला कानडी येत नाही. काय बोलले, आठवतही नाही.

२९ जानेवारी
आता हे रोज झोपाळ्यावर माझ्याशी बोलत बसतात. टाक गळ्यात असला तरच. माझ्या तोंडून हसू येतं, ते माझं नसतं. आज पहिल्यांदा हात धरला. माझा — नाही, तिचा धरला.

१ फेब्रुवारी
टाक काढून देवघरात ठेवला. यांना हाक मारली. मान वर झाली नाही. पानं तीनच वाढलेली. तिसऱ्यासमोर टाक. मी कुठे बसू, विचारलं — सासूबाई यांना म्हणाल्या, वाढू का? तिघंच तर आहोत.
शुक्रवारी टाक केलगेरीच्या तळ्यात सोडणार. तोवर गळ्यात घालायचा नाही. घातला नाही तर मी कुणाला दिस—

४ फेब्रुवारी
वर एक चूक झाली आहे. टाक पाण्यात सोडायचा नाही. कोप्पीकर रोडवरच्या सोनाराकडे दुसरा घडवायला दिला आहे. सायलीचा. शुक्रवारी, सहा फेब्रुवारीला, सकाळी तो गळ्यात घालीन. तिला वाईट वाटू नये म्हणून आधी तिला कुंकू लावीन, आणि मग मी —